पाणी वर कोण चढवतं? शांत देश, युद्धातले देश आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की शांत देशातलं जगणं आणि युद्धात होरपळणाऱ्या देशातलं जगणं याबद्दल तुम्हाला काय विचारावंसं वाटतं. पत्रं आणि मेल मिळून एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्यच नव्हतं, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलं होतं म्हणून मग कोणाचंच नाव दिलेलं नाही.

प्रश्न: ताई, टीव्हीवर युद्ध म्हणजे धूर, रणगाडे आणि रडणारी माणसं एवढंच दिसतं. पण स्फोट काही चोवीस तास चालू नसतात ना? मग बाकीच्या वेळात तिथली साधी माणसं करतात तरी काय?

उत्तर: बाकीच्या वेळात ती पाणी भरतात. खरंच सांगते, युद्धातल्या शहरात माणसाचा दिवस कशात जातो तर पाणी, सरपण, रांग आणि बातमी यातच जातो. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, तिचं उदाहरण घेते कारण त्या शहराबद्दल बारीकसारीक नोंदी आहेत. १९८४ ला तिथे हिवाळी ऑलिम्पिक झालं होतं, ट्राम, विद्यापीठ, थिएटर, उंच इमारती, सगळं असलेलं युरोपातलं शहर, आणि आठच वर्षांनी एप्रिल १९९२ मध्ये त्याला वेढा पडला तो फेब्रुवारी १९९६ मध्ये उठला, म्हणजे १,४२५ दिवस. ज्या डोंगरांवर ऑलिम्पिकच्या स्पर्धा झाल्या तिथूनच तोफा डागल्या जात होत्या. खाली साडेतीन लाखांच्या आसपास माणसं अडकलेली, वीज नाही, नळाला पाणी नाही, गॅस आला तर आला.

आता जरा हिशोब करून बघा. मदतकार्य करणारे लोक स्फिअर नावाचं एक मानक वापरतात, त्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरलंय, पिणं, स्वयंपाक, धुणं, अंघोळ सगळं धरून, आणि शांत श्रीमंत देशात तोच माणूस शंभरच्या वर लिटर सहज वापरतो. घरात पाच माणसं असली तर किमान ७५ लिटर लागणार म्हणजे ७५ किलो वजन, रोज, आणि लिफ्ट बंद असताना आठव्या मजल्यावर. सारायेव्होत पाणी मिळायच्या मोजक्या भरवशाच्या जागांपैकी एक होती बिअरचा कारखाना, कारण त्याचे स्वतःचे झरे होते. तिथे रांग लागायची, रांगेवर तोफगोळे पडतात हे सगळ्यांना माहीत होतं तरी लागायची. लोक कॅन बाबागाडीत किंवा मुलांच्या स्लेजवर बांधून ओढत न्यायचे, चौक आला की जीव मुठीत घेऊन पळायचं कारण चौकावर स्नायपरचा नेम धरलेला असायचा, मग जिना. आणि एवढं करून वर आणलेलं पाणी एकदा वापरून टाकून थोडंच देणार, आधी तोंड धुवायचं, मग त्याच पाण्यात कपडे बुचकळायचे, मग तेच संडासात ओतायचं.

थंडीचं तसंच. बागांमधली, रस्त्याकडेची झाडं गेली, मग फर्निचर गेलं, जुने बूट गेले, शेवटी लोकांनी पुस्तकं जाळून स्वयंपाक केला. काचा फुटलेल्या खिडक्यांना संयुक्त राष्ट्रांनी वाटलेलं प्लास्टिक लावलेलं असायचं. पैशाला किंमत उरली नाही तेव्हा पगार सिगारेटमध्ये मिळायला लागला. शहरातला सिगारेटचा कारखाना चालू होता पण पाकिटाचा कागद संपलेला, म्हणून सिगारेटी जुन्या पुस्तकांच्या आणि सरकारी कागदांच्या पानांत गुंडाळून यायच्या. १९९३ मध्ये लोकांनी विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा हाताने खणला, एवढा बुटका की धड ताठ उभंही राहता येत नव्हतं, आणि पीठ, इंधन, जखमी माणसं, पुढे विजेची केबल, सगळं त्यातून जायला लागलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की माझ्या मते खरा फरक इथेच आहे. शांत देशातसुद्धा पाणी आपोआप आठव्या मजल्यावर चढत नाही. ते पंप चढवतो, पंपाला वीज लागते, वीजकेंद्रात रात्रपाळीला माणूस लागतो, त्याला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो, पगाराला चालू असलेली बँक लागते आणि बँकेला लोकांचा नोटेवर विश्वास लागतो. नळ सोडणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही आणि दिसू नये हेच बरोबर आहे. युद्ध ही साखळी कुठेतरी तोडतं आणि यंत्रणेनं करायचं काम माणसाच्या अंगावर येऊन पडतं, आणि घरात ते अंग बहुतेक वेळा बाईचं नाहीतर पोराचं असतं कारण कर्ता पुरुष लढाईत असतो नाहीतर पकडला जाईल म्हणून बाहेर पडत नाही. शांत देशातल्या माणसाला दिवसातले काही तास स्वतःचे म्हणून मिळतात, शिकायला, भांडायला, नुसतं लोळायला, ते तास या साखळीनं दिलेले असतात.

प्रश्न: पैसा असेल तर युद्धातही नीट राहता येतं असं माझे एक नातेवाईक म्हणतात. खरं आहे का?

उत्तर: थोडे दिवस. पण आधी पैसाच वितळतो. सीरियात २०११ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा एका डॉलरला पन्नासच्या आत-बाहेर सीरियन पौंड पडायचे, २०२३ संपता संपता ते दहा हजारांच्या वर गेले होते. म्हणजे आयुष्यभर साठवून घर घ्यायची रक्कम बँकेत ठेवलेल्या माणसाचं होत्याचं नव्हतं झालं, त्याच्या घरावर एकही बॉम्ब न पडता. युगोस्लाव्हियात १९९३ मध्ये ५०,००० कोटी दिनारची एक नोट छापली होती, एवढे शून्य असलेली नोट म्हणजे सरकारनं दिलेली कबुलीच की आता या कागदाला अर्थ नाही. सोनं, डॉलर असेल तर निभतं हे खरं, पण मग ते आपल्याकडे आहे हे कोणाला कळू नये यासाठी जीव टांगणीला लागतो, नाक्यानाक्यावर बंदूकवाले उभे असतात आणि त्यांना नाही म्हणायची सोय नसते. आणि जी गोष्ट बाजारातच नाही ती श्रीमंतालाही मिळत नाही, इन्सुलिन नसेल तर नसतं.

प्रश्न: मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. युद्धात माणसं गोळ्यांनी आणि बॉम्बनीच जास्त मरतात ना?

उत्तर: तुला पुढे याच कामात जायचंय म्हणून जरा सविस्तर सांगते. बऱ्याच युद्धांत गोळीपेक्षा साधे आजार जास्त जीव घेतात, आणि त्या मृत्यूंना कोणी युद्धातले मृत्यू म्हणतही नाही. येमेन बघ. तिथे २०१५ पासून मोठं युद्ध पेटलं, २०१६ मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेचे दोन तुकडे झाले आणि लाखो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. त्यात कचरा उचलणारे होते, पाणीपुरवठ्याचे होते, दवाखान्यातले पण होते. सांडपाण्याचे पंप विजेविना बंद, रस्त्यात कचरा, पाऊस आला की सगळं विहिरीत. २०१७ संपेपर्यंत कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या १० लाखांच्या पुढे गेली आणि दोन हजारांहून जास्त माणसं मेली. कॉलरा म्हणजे असा आजार की वेळेवर मीठ-साखरेचं पाणी किंवा सलाईन मिळालं तर शंभरातला एकही रुग्ण जायला नको. तो माणूस वाचला असता पण दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर होता, वाटेत तीन चौक्या होत्या आणि गाडीत डिझेल नव्हतं.

सीरियात १९९९ नंतर पोलिओ नव्हता, २०१३ मध्ये तो देर एझ-झोर भागात परत आला. लस नव्हती असं नाही, पण लस थंड ठेवायला फ्रीज लागतो, फ्रीजला वीज, लस घरोघर पोचवायला रस्ता मोकळा लागतो आणि आईला मूल बाहेर काढायची हिंमत लागते. डायलिसिसवरचा माणूस, कॅन्सरची केमो चालू असलेली बाई, अडलेली बाळंतीण, यांच्यासाठी लढाई सुरू झाल्याची तारीख हीच खूपदा शेवटाची सुरुवात असते. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी दवाखाने, डॉक्टर आणि जखमी यांना संरक्षण दिलंय, जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्यात, आणि तरीही सीरियात, युक्रेनमध्ये, गाझात, सुदानमध्ये दवाखान्यांवर हल्ले झालेत. याचा मला मनापासून संताप येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

प्रश्न: एवढं वाईट आहे तर लोक निघून का जात नाहीत? मी असतो तर पहिल्याच दिवशी गेलो असतो.

उत्तर: पहिल्या दिवशी कोणालाच वाटत नाही की हे टिकेल, आठवडाभरात मिटेल असंच सगळे म्हणतात. आणि मग जेव्हा कळतं तेव्हा रस्ते बंद झालेले असतात.

पण खरं म्हणजे लोक जातातच. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगभरात सुमारे १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने घरातून उठलेली होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त, ७ कोटी ३५ लाखांच्या आसपास, स्वतःच्याच देशात दुसरीकडे आसरा घेऊन होती. जे सीमा ओलांडतात त्यातले दोन तृतीयांश लोक शेजारच्याच देशात थांबतात, आणि ते शेजारी काही श्रीमंत नसतात. सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला राजधानी खार्टूममध्येच लढाई सुरू झाली तेव्हा लोक कुठे गेले तर चाडमध्ये, दक्षिण सुदानमध्ये, इजिप्तमध्ये. दक्षिण सुदान म्हणजे जो देश स्वतःच यादवीतून पुरता बाहेर आलेला नाही. लांबच्या शांत देशात जायला पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, आणि पासपोर्ट देणारं ऑफिस बंद असतं नाहीतर त्याच लोकांच्या ताब्यात असतं ज्यांच्यापासून पळायचंय.

शिवाय घरात अंथरुणाला खिळलेली आई असते. शेतात उभं पीक असतं. युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ ला मार्शल लॉ लागला आणि १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला मनाई झाली, त्यामुळे सीमेवर बायकामुलं एकीकडे आणि बाप दुसरीकडे असे घराघराचे दोन भाग झाले. तुम्ही पहिल्या दिवशी गेला असता असं तुम्हाला आत्ता वाटतंय, पण घराला कुलूप लावून किल्ली कोणाकडे द्यायची हा प्रश्न समोर आला की पाय किती जड होतात ते ज्याचं त्यालाच माहीत.

प्रश्न: सगळ्यात शांत देशांना सैन्यच नसतं असं वाचलं. मग सगळ्यांनी सैन्य काढून टाकलं तर?

उत्तर: अर्धी गोष्ट खरी आहे. जागतिक शांतता निर्देशांकात २००८ पासून पहिला नंबर आइसलँडचा आहे आणि आइसलँडला स्वतःचं लष्कर नाही, पण तो १९४९ पासून नाटो या लष्करी युतीचा सदस्य आहे, म्हणजे संरक्षणाची सोय त्यानं दुसऱ्या मार्गानं केलीय. स्वित्झर्लंडचं अगदी उलट. तिथे लष्करी सेवा सक्तीची आहे आणि साडेतीन लाखांहून जास्त बंकर आहेत ज्यात देशातली सगळी लोकसंख्या मावते. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता देशभर भोंगे वाजवून बघतात की चालतायत ना. वर्षातून एकदा भोंगा वाजतो आणि लोक मान वर करून परत जेवायला लागतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की ही चाचणी आहे. युक्रेनमध्ये रात्री दोन वाजता तोच आवाज आला की पोरांना उचलून घराच्या मधल्या पॅसेजमध्ये न्यायचं, कारण तिथे दोन भिंतींचा नियम सगळ्यांना पाठ आहे, पहिली भिंत स्फोटाचा धक्का घेते आणि दुसरी उडालेले तुकडे अडवते. बाथरूममध्ये, पॅसेजमध्ये गाद्या कायमच्या घातलेल्या असतात.

मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा देश वाटतो तो कोस्टा रिका. १९४८ मध्ये तिथे निवडणुकीच्या निकालावरून यादवी पेटली, ४४ दिवस चालली आणि सुमारे दोन हजार माणसं मेली. जिंकलेल्या बाजूचे नेते होसे फिगेरेस यांनी त्याच वर्षी १ डिसेंबरला राजधानीतल्या लष्करी तळाच्या भिंतीवर हातोडा घालून सैन्य बरखास्त केलं, त्या तळात आता राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि १९४९ च्या राज्यघटनेत कलम १२ नं कायमचं सैन्य ठेवायला बंदी आली. लोकांना एवढाच भाग माहीत असतो, हातोड्याचा. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचं हे की त्याच घटनेनं निवडणुका घेणारं स्वतंत्र न्यायाधिकरण उभं केलं, म्हणजे ज्या कारणावरून माणसं मेली ते कारणच बंदोबस्तात घातलं. बायकांना मताधिकार त्याच वेळी मिळाला. लष्कराचा पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळला, आणि कोणी घुसलंच तर अमेरिका खंडातल्या देशांच्या करारावर भिस्त ठेवली, १९५५ मध्ये खरोखर घुसखोरी झाली तेव्हा त्या देशांच्या संघटनेनं मध्ये पडून ती थांबवली.

आता शेजार बघा. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी चालली आणि सुमारे दोन लाख माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, एल साल्वाडोरमध्ये १९८० ते १९९२ या काळात ७५ हजारांच्या आसपास. भाषा तीच, कॉफीचे मळे सगळीकडे, मग फरक का पडला? जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात आणि सैन्य त्या घराण्यांच्या बाजूला, असं तिकडे होतं. कोस्टा रिकात लहान शेतकरी जास्त होते आणि सरकार बदलायला बंदूक लागत नव्हती. पुढे याच देशाचे अध्यक्ष ऑस्कर आरियास यांनी शेजाऱ्यांच्या युद्धांवर शांतता योजना मांडली आणि १९८७ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. म्हणून सगळ्यांनी उद्या सैन्य काढून टाकावं असं मी म्हणणार नाही, सैन्य ठेवायचं की नाही हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. पण भांडण मिटवायची अशी जागा हवी जिच्यावर हरलेल्याचाही विश्वास बसेल, आणि ही जागा नसेल तर देश कितीही श्रीमंत असला तरी मला त्याच्या शांततेचा भरवसा वाटत नाही.

प्रश्न: युद्ध चालू नाही म्हणजे देश शांत आहे असं म्हणता येईल का?

उत्तर: नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालात २०१७ चे आकडे आहेत, त्या वर्षी जगात सशस्त्र संघर्षांत सुमारे ८९ हजार माणसं मारली गेली आणि खुनांत ४ लाख ६४ हजार. लॅटिन अमेरिकेतल्या काही शहरांत युद्ध नाही पण टोळ्या आहेत, आणि संध्याकाळी सातनंतर रस्ता ओलांडायची भीती तिथेही तेवढीच खरी आहे.

प्रश्न: मला राग येईल असं उत्तर देऊ नका पण विचारतोच. शांत देशातली माणसं मऊ पडतात, संकटात वाढलेली माणसं कणखर असतात. युद्धानं माणूस घडतो असं नाही का वाटत?

उत्तर: राग येईल न येईल, मला हे अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलंय की संघर्षाच्या भागात राहणाऱ्या साधारण पाचातल्या एका माणसाला नैराश्य, चिंता, आघातानंतरचा मानसिक त्रास किंवा तशा आजारांपैकी काहीतरी असतं. पाचात एक. म्हणजे प्रत्येक घरात एक धरा. झोप न येणं, दार आपटलं की अंगाला कंप सुटणं, मुलांवर विनाकारण ओरडणं, दारू, हे सगळं त्यात येतं आणि ते पुढच्या पिढीपर्यंत झिरपतं.

हां, माणसं एकमेकांना धरून राहतात हे खरं आहे. युक्रेनमध्ये २०२२ च्या शरदात वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले तेव्हा लोकांनी इमारतींच्या लिफ्टमध्ये पाणी, बिस्किटं, टॉर्च ठेवलेले डबे ठेवले, मध्येच वीज गेली आणि कोणी अडकलं तर त्याच्यासाठी. सारायेव्होत वेढा चालू असताना १९९५ मध्ये चित्रपट महोत्सव सुरू झाला, तो आजही भरतो. मला या माणसांबद्दल अतोनात आदर आहे. पण तो चांगुलपणा युद्धानं दिलेला नाही, तो त्यांच्यात आधीपासून होता आणि युद्धानं त्याची परीक्षा घेतली, आणि त्याच युद्धात त्याच गल्लीतल्या शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची नावं बंदूकवाल्यांना दिलीही आहेत. सारायेव्होत २०१२ मध्ये मुख्य रस्त्यावर मेलेल्यांसाठी ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या कोणाला युद्धानं घडवलं हे तुम्हीच सांगा. माणूस मऊ राहू शकतो, लहानसहान गोष्टींवर कुरकुर करू शकतो, मुलं परीक्षेच्या टेन्शननं रडू शकतात, ही मला कमजोरी वाटत नाही, मुलांनी परीक्षेच्याच टेन्शननं रडावं अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न: मी शाळेत शिकवते. तिथली मुलं शिकतात तरी कशी?

उत्तर: युक्रेनमधल्या खार्किव्हचं सांगते. हे शहर रशियाच्या सीमेपासून चाळीस किलोमीटरच्या आत आहे, तिकडून सुटलेलं क्षेपणास्त्र पोचायला मिनिटही लागत नाही, त्यामुळे भोंगा वाजल्यावर मुलांना तळघरात न्यायचं हा उपायच तिथे चालत नाही. मग सप्टेंबर २०२३ पासून शहराने मेट्रोच्या भुयारी स्टेशनांमध्येच वर्ग उभे केले, पार्टिशन टाकून, आवाज अडवून, बाकं लावून, मुलं पाळ्यांमध्ये येतात आणि पलीकडून गाड्या जात असतात. पुढे मे २०२४ मध्ये मुद्दाम जमिनीखाली बांधलेली शाळाही सुरू झाली. खिडकी नाही, पण मुलं एकमेकांशेजारी बसतात, आणि आधी कोरोना आणि मग युद्ध यामुळे कित्येक मुलांना वर्षानुवर्षं वर्गमित्र फक्त स्क्रीनवरच दिसले होते. तुम्ही शिक्षिका आहात, पहिलीतल्या पोराला शेजारी बसणारं कोणी हवं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि हे सगळं खार्किव्हला जमलं कारण तिथे महापालिका चालू आहे, मेट्रो आहे, पगार होतायत. सुदानमध्ये शाळा म्हणजे बेघर झालेल्या कुटुंबांची राहायची जागा झाली, मग शिकायचं कुठे?

प्रश्न: युद्ध संपलं की सगळं पूर्ववत व्हायला किती वर्षं लागतात?

उत्तर: इमारतीचं सांगता येतं. सारायेव्होचं राष्ट्रीय ग्रंथालय ऑगस्ट १९९२ मध्ये जळालं, ती वास्तू परत उघडली २०१४ मध्ये, पण जळालेली पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली ती गेलीच. जमिनीचं त्याहून अवघड. मोझांबिकमधली यादवी १९९२ ला संपली आणि देश भूसुरुंगमुक्त जाहीर झाला २०१५ मध्ये. लाओसवर १९६४ ते १९७३ मध्ये २० लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, क्लस्टर बॉम्बमधले छोटे बॉम्ब २७ कोटींहून जास्त आणि त्यातले सुमारे ८ कोटी फुटलेच नाहीत, ते अजून शेतात निघतात, चेंडूएवढे असतात म्हणून मुलं उचलतात. तिथे शेतकरी खोल नांगरायला घाबरतो, मग पीक कमी येतं, मग गरिबी हटत नाही. फ्रान्समध्ये तर पहिल्या महायुद्धातले गोळे अजून शेतात निघतात आणि व्हेर्दांजवळच्या काही भागात आजही शेती करता येत नाही. शंभर वर्षं होऊन गेली.

प्रश्न: मी बाहेर शिकायला आलेय. माझी रूममेट युद्ध चालू असलेल्या देशातली आहे. तिच्याशी काय बोलू, काय नको हेच कळत नाही. मध्येच गप्प होते. तिची डिग्रीची कागदपत्रंही तिकडेच राहिलीत.

उत्तर: तिला युद्धाबद्दल स्वतःहून विचारू नकोस, एवढं पाळ. तुझ्या घरचे कोणी गेले का, तू बॉम्ब पडताना पाहिलास का, असं तर अजिबात नको. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, तेव्हा ऐक आणि उपाय सुचवू नकोस. बाकी जे कोणत्याही मैत्रिणीशी बोलशील तेच बोल, अभ्यास, प्रोफेसर, कपडे, कोण कोणाला आवडतं, तिला तेच हवं असेल. फटाके उडणार असतील, फायर अलार्मची चाचणी असेल तर आधी सांगून ठेव, अचानक आवाज आला की तिच्या शरीराला आधी कळतं आणि मनाला नंतर. आणि ती गप्प होते तेव्हा बहुतेक वेळा तिकडचं नेटवर्क गेलेलं असतं आणि मेसेजवर एकच टिक दिसत असते, तेव्हा काही बोलू नकोस, शेजारी बस.

कागदपत्रांचं मात्र आजच हातात घ्या. परदेशातल्या शिक्षणाला मान्यता देण्याबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन करारात सातवं कलम आहे, त्याप्रमाणे निर्वासितांकडे कागद नसले तरी त्यांचं शिक्षण योग्य पद्धतीनं तपासायची सोय सदस्य देशांनी करायची असते. त्यावरच कौन्सिल ऑफ युरोप या युरोपातल्या देशांच्या संघटनेनं २०१७ पासून निर्वासितांसाठी पात्रता पासपोर्ट सुरू केलाय, त्यात अर्ज भरायचा, जे काही कागद किंवा फोटो असतील ते द्यायचे आणि मग तज्ज्ञ मुलाखत घेतात, तू कुठे शिकलीस, कोणते विषय होते, परीक्षा कशी असायची असं सगळं विचारतात. युनेस्कोचाही असाच एक पासपोर्ट आहे. ही डिग्री नव्हे, आणि प्रवेश मिळेलच अशी हमीही नव्हे, पण विद्यापीठाला विचार करायला काहीतरी हातात मिळतं. तुमच्या विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात दोघी मिळून जा आणि या दोन्हींपैकी तुमच्या देशात काय चालतं ते विचारा. जाण्याआधी तिच्या फोनमधले जुने फोटो एकदा बसून चाळा, मार्कशीटचा, ओळखपत्राचा, अगदी हॉल तिकिटाचा फोटो सापडला तरी मुलाखतीत उपयोग होतो, आणि तिच्याबरोबर शिकणारे कोणी दुसऱ्या देशात पोचले असतील तर त्यांच्याकडेही विचारा, एकाच वर्गाच्या निकालपत्राचा फोटो कोणाकडे ना कोणाकडे असतो.